सायलेन्सर बदलायचाय: मूळचा, स्लिप-ऑन की फुल सिस्टम?

रॉयल एनफिल्डची नवी बुलेट किंवा इंटरसेप्टर दारात आली की थोड्याच दिवसांत सायलेन्सरचा विषय निघतो. दुकानात विचारलं तर उत्तर ठरलेलं: "पीयूसी निघते, बिनधास्त लावा." पुष्कळदा ते खरंही ठरतं. पण पीयूसीचं यंत्र फक्त धूर हुंगतं, आवाज त्याला ऐकूच येत नाही. आवाजाचा निकाल चौकात लागतो आणि तिथे पीयूसीचा कागद दाखवून सुटका होत नाही. त्यामुळे प्रत्येक पर्याय धूर आणि आवाज अशा दोन्ही बाजूंनी तपासून बघायला हवा.

त्याआधी आरसी काढून गाडी कोणत्या सालची ते बघा. 2000 सालानंतरच्या जुन्या फोर-स्ट्रोक दुचाकींना पीयूसीत कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा 3.5 टक्के आणि हायड्रोकार्बनची 4500 पीपीएम आहे. 1 एप्रिल 2020 पासून आलेल्या बीएस-6 (धुराच्या नव्या मानकाच्या) गाड्यांना तीच मर्यादा 0.5 टक्के आणि 500 पीपीएम. म्हणजे एकीकडे सातपट, दुसरीकडे नऊपट कडक. जुन्या कार्बोरेटरच्या बुलेटवाल्याने "माझी तर आरामात पास झाली" असं सांगितलं, तर त्याच्या गाडीपुरतं ते खरंच आहे. मोकळा सायलेन्सर लावूनही स्लो स्क्रू आणि मिक्श्चर (पेट्रोल-हवेचं प्रमाण) नीट बसवलेलं असलं की ती गाडी पास होते. बीएस-6 वाल्याने त्याचं ऐकून पैसे घालू नयेत.

मूळचा सायलेन्सर. धुरात पास, आवाजात पास, वॉरंटी शाबूत. उणिवा दोनच: वजन जास्त आणि आवाज मवाळ. कोकणातल्या पावसात तो आतून गंजतो, हेही खरं. रोज दोन-तीन किलोमीटरचीच फेरी असेल तर सायलेन्सर पुरता तापत नाही, आत पाणी साचून राहतं आणि काही वर्षांत तळाला भोक पडतं. तेव्हा मात्र मूळचाच नवा आणा.

स्लिप-ऑन. यात फक्त शेवटची बाटली बदलते, इंजिनातून निघणारा बेंड पाइप तोच राहतो. इथे एकच प्रश्न निर्णायक आहे: तुमच्या गाडीचा धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे मेकॅनिकच्या भाषेतला कॅट-कॉन, कुठे बसवलाय? इंटरसेप्टर 650 मध्ये तो पुढच्या पाइपात आहे. त्यामुळे मागच्या दोन्ही बाटल्या बदलल्या तरी तो जागेवरच राहतो. ज्या गाडीत तो बाटलीच्या आतच आहे, तिथे स्लिप-ऑन लावला की कॅट-कॉनही गेला. पैसे देण्याआधी मेकॅनिकला गाडीखाली वाकून दाखवायला लावा. तोंडी उत्तरावर थांबू नका.

कॅट-कॉन जागेवर असेल तर स्लिप-ऑनने पीयूसीचे आकडे फारसे हलत नाहीत. इंजिनाजवळचा ओ-टू सेन्सर धुरातला ऑक्सिजन मोजत असतो आणि ईसीयू, म्हणजे इंजिनाचा छोटा संगणक, त्यानुसार पेट्रोल कमी-जास्त करतो, त्यामुळे आयडलिंगला (गाडी उभी ठेवून इंजिन चालू असताना) मिश्रण जवळपास ठरल्या जागी राहतं. बिघडतं ते जोडणीत. काम करताना बेंड पाइप हलला आणि इंजिनाकडचं गॅस्केट, म्हणजे जोड हवाबंद ठेवणारी चकती, जुनंच ठेवलं, तर तिथून बाहेरची हवा आत ओढली जाते. सेन्सरला वाटतं पेट्रोल कमी पडतंय, मग ईसीयू ते वाढवतो आणि कार्बन मोनॉक्साइड चढतो. ॲक्सिलरेटर सोडल्यावर फटफट फुटणारा आवाज अचानक वाढला, तर आधी हेच गॅस्केट बघा. नवं गॅस्केट स्वस्त असतं, तिथे काटकसर करू नका.

आवाजाच्या परीक्षेत मात्र स्लिप-ऑन डळमळतो. दुचाकी बाजारात येण्याआधी आवाजाच्या चाचणीतून जाते. तिथे 80 सीसीपर्यंत 75 डेसिबल, 175 सीसीपर्यंत 77 आणि त्यावर 80 डेसिबल अशी मर्यादा असते. तुमचा स्लिप-ऑन त्या गाडीसोबत ही चाचणी दिलेला नसतो. परदेशी बाटलीवर युरोपचा 'ई' शिक्का असतो, पण आपल्याकडची मान्यता म्हणून तो चालत नाही. डीबी किलर, म्हणजे बाटलीच्या तोंडात बसणारी आवाज दाबणारी नळी, लावलेला असेल तर फरक खूप पडतो, आणि तो काढायचा नसेल तरच या पर्यायाचा विचार करावा.

फुल सिस्टम. बेंड पाइपापासून सगळं नवं आणि बहुतेक वेळा कॅट-कॉन गायब. गाडी काही किलोंनी हलकी होते, योग्य ट्यूनिंग केलं तर वरच्या आरपीएमला थोडी ताकदही मिळते. ते मी नाकारत नाही. पण बीएस-6 गाडीत पीयूसीचं गणित इथेच फसतं.

पेट्रोल इंजिन अगदी आदर्श मिश्रणावर, म्हणजे एक भाग पेट्रोलला 14.7 भाग हवा घेऊन चाललं, तरी त्यातून थेट निघणाऱ्या धुरात कार्बन मोनॉक्साइड अर्ध्या टक्क्याच्या आसपास किंवा त्याहून जास्तच असतो. तो जवळपास शून्यावर आणण्याचं काम प्लॅटिनम, पॅलेडियम आणि ऱ्होडियमचा लेप असलेली कॅट-कॉनची जाळी करते. ती काढली की गाडी 0.5 टक्क्याच्या काठावर येऊन उभी राहते. मग सोबत रीमॅप होतो, म्हणजे ईसीयूतलं पेट्रोलचं गणित बदललं जातं. त्यात मिश्रण रिच (पेट्रोल जास्त) केलं जातं, काही जण ओ-टू सेन्सरच बंद करतात आणि आकडा सहज दोन टक्क्यांच्या वर जातो. त्या गाडीला खरी पीयूसी मिळत नाही. नळी नीट आत न घालता काढलेल्या पीयूसीवर चालायचं असेल, तर तो धूर सिग्नलला शेजारी उभ्या असलेल्या स्कूटरवरच्या लेकराच्या नाकात जातोय, हे लक्षात घ्या. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, त्यामुळे त्याला ते कळतही नाही.

ट्रॅकवर नेण्यासाठी वेगळी गाडी ठेवली असेल तर फुल सिस्टम जरूर लावा. रोजच्या गाडीला नको.

पंजाबी, इंदोरी, फटाका. हे कर्कश आवाजाचे सायलेन्सर दोन-तीन हजारांत मिळतात, आत जवळपास काहीच नसतं. यांची तुलना करत बसण्यात अर्थ नाही. पुण्यात पोलिसांनी असे सायलेन्सर रोड रोलरखाली चिरडले, ते योग्यच केलं.

कायद्याचंही समजून घ्या. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 गाडीच्या मूळ रचनेत परस्पर बदल करायला मनाई करतं. हवा आणि आवाजाच्या मानकांचा भंग झाला तर कलम 190(2) लागतं: 10,000 रुपयांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, शिवाय तीन महिने लायसन्स अपात्र. स्लिप-ऑनवालाही यातून सुटत नाही, फक्त त्याच्याकडे लक्ष कमी जातं.

मी स्वतः इंटरसेप्टरला वर्षभर स्लिप-ऑन वापरला. पीयूसी विनाअडचण निघाली. पण रात्रपाळीहून येताना गल्लीच्या तोंडाशी इंजिन बंद करून गाडी ढकलत आणायची सवय लागली, कारण समोरच्या घरात तान्हं बाळ होतं. एके रात्री भर पावसात दोनशे किलोंची गाडी ढकलताना ठरवलं आणि त्याच रविवारी मूळच्या बाटल्या परत बसवल्या. म्हणूनच सांगतो, काहीही लावलंत तरी जुना सायलेन्सर दुकानदाराला एक्स्चेंजमध्ये देऊ नका. क्लॅम्प आणि नट-बोल्टसकट कापडात गुंडाळून माळ्यावर ठेवा.