सँडी हूकच्या वाळूतला माठ

न्यू जर्सीतील सँडी हूकच्या किनाऱ्यावर एका स्थानिक निसर्गमंडळाने ठेवलेल्या दोन तासांच्या फेरीला आम्ही पतीपत्नी ऑगस्टमध्ये गेलो होतो. ‘दुर्मिळ रानफुलाची भेट’ अशी जाहिरात असल्यामुळे फुलांचे ताटवे पाहायला मिळतील या अपेक्षेने आलेल्यांचा हिरमोड झाला, कारण ज्याच्यासाठी ही सारी पायपीट होती तो अमरँथस प्युमिलस हा आपल्या माठ-राजगिऱ्याचा सख्खा भाऊबंद असून त्याची फुले पानांच्या बेचक्यात इतकी दडलेली असतात की ती भिंगाशिवाय नीट दिसत नाहीत.

मला मात्र ते झाड पाहताक्षणी ओळखीचे वाटले. भरतीच्या रेषेच्या जरा वर, मोकळ्या वाळूत त्याचे लालसर, रसरशीत देठ चहूकडे जमिनीलगत पसरले होते. पाने गोलसर, चकचकीत आणि शेंड्याला बारीक खाच असलेली होती, आणि वाऱ्याने उडून आलेली ओंजळभर वाळू बुंध्याशी साठली होती. ‘याची भाजी होते का?’ हा प्रश्न सौभाग्यवतींनी विचारलाच. त्यावर, झाड संरक्षित असल्याने पानालाही हात लावू नये, असे मार्गदर्शक बाईंनी हसत सांगितले.

या बाईंची माहिती हीच फेरीची खरी कमाई होय. हे झाड दरवर्षी बियांपासून नव्याने उगवते आणि त्याला गवत न माजलेली, लाटांनी नुकतीच उघडी केलेली वाळू लागते. त्यामुळे समुद्राला घातलेल्या भिंती, वाळूवरून फिरणाऱ्या गाड्या आणि किनारा साफ करणारी यंत्रे त्याच्या मुळावर येतात. न्यू जर्सीत 1913 नंतर ते कोणाला दिसले नव्हते. 1993 मध्ये अमेरिकेच्या केंद्र सरकारने त्याला संकटग्रस्त वनस्पतींच्या यादीत घातले आणि 2000 साली ते या राज्यात पुन्हा उगवले. समुद्रतळातून उपसून किनाऱ्यावर टाकलेल्या वाळूबरोबर जुने बी वर आले असावे, असा अंदाज आहे.

व्यवस्थेबद्दल मात्र तक्रार आहे. पंचवीस जणांत भिंग एकच होते, आणि वाऱ्यामुळे मागच्यांना निम्मे बोलणे ऐकूच आले नाही. उन्हाळ्यात तेथे गाडी लावण्याचे शुल्क पडते, हेही आधी कळवायला हवे होते. लेबर डेनंतर (सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारच्या सुट्टीनंतर) ते लागत नाही आणि तोवर झाडेही चांगली पसरलेली असतात. म्हणून सप्टेंबरमधली फेरी निवडावी आणि भिंग घरूनच न्यावे.