स्कीच्या शेपटीवरचा स्टिकर आधी काढायला लावा

भाड्याच्या स्कीला कंटाळून स्वतःची जुनी जोडी घेऊ पाहणारे माझ्या ओळखीत रत्नागिरीपासून सावंतवाडीपर्यंत बरेच आहेत. त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. माझे 32,000 रुपये गेले. पाय वाचला तो गुलमर्गच्या एका मेकॅनिकमुळे.

विकणारा देवगडकडचा, बोटीवर नोकरी केलेला. युरोपातून स्वतः आणलेली ऑल-माउंटन, म्हणजे सगळ्या प्रकारच्या बर्फावर चालणारी स्की, एकच सीझन वापरलेली, कमरेला, म्हणजे पायाखाली, 88 मिमी रुंद, बाइंडिंग (बूट स्कीला अडकवणारा आणि पडताना सोडवणारा भाग) नव्यासारखं, असं त्याने सांगितलं. मला हवी होती ती अशीच. दाबलेल्या बर्फावर समांतर वळणं जमायला लागली की बाजूच्या मऊ बर्फातही उतरावंसं वाटतं आणि तिथे पायाखाली साधारण 85 ते 95 मिमी रुंदी लागते. अरुंद स्की रुतते. गुलमर्गला अफरवट डोंगराच्या उतारांवर तर दाबलेला बर्फ फारसा नसतोच. मी बिल मागितलं, तेव्हा तो म्हणाला, "आपल्याच माणसाक मी कित्याक फसवतलंय?" असं कोणी म्हटलं की पुढचा प्रश्न विचारायला जीभ रेटत नाही. हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

गुलमर्गच्या दुकानात बूट बसवून घ्यायला गेलो. मेकॅनिकने आधी शेपटीवरचा मोठा स्टिकर नखाने सोलला. टोक, कंबर आणि शेपूट यांच्या रुंदीचे आकडे बहुतेक स्कींवर छापलेले असतात. स्टिकरखाली निघालं 122-74-104. अशी स्की वाईट नसते, पण ती कडक, दाबलेल्या उतारांसाठी असते. आकडा लपवायलाच तो स्टिकर होता.

खरा धोका मात्र बाइंडिंगमध्ये होता. बूट अडकवून त्याने पुढचा भाग कडेला ढकलला. चांगलं बाइंडिंग थोडं सरकून लगेच मधोमध परत येतं. हे सरकलं आणि तिथेच अडकलं. मागचा भाग खोलला तर आत ग्रीसखाली गंजाचा थर. आपल्या खाऱ्या हवेत लोखंडाचं काय होतं हे किनाऱ्यावर राहणाऱ्या माणसाला सांगावं लागत नाही, आणि वरून ग्रीस कशासाठी फासतात हेही. बाइंडिंग काढल्यावर खाली आधीच्या बाइंडिंगची भोकं दिसली, चिकटपट्टीसारखं काहीतरी भरून बुजवलेली, आणि नवे स्क्रू त्यांना अगदी खेटून. जोराच्या झटक्यात असे स्क्रू उपटून येऊ शकतात.

शिवाय माझ्या बुटांचा तळ ग्रिपवॉक, म्हणजे चालायला सोपा, वळणदार रबराचा. हे बाइंडिंग फक्त सपाट अल्पाइन तळासाठी बनलेलं. बूट आत बसतो, टक्कन आवाजही येतो, पण पडताना सुटेल याची खात्री नाही. बुटांचे फोटो मी विकणाऱ्याला आधीच पाठवले होते आणि "चालतील" असं त्याने लेखी उत्तर दिलं होतं.

डिनचा आकडा, म्हणजे बाइंडिंग किती जोराला सुटावं याचं माप, वजन, उंची, वय, बुटाच्या तळाची लांबी आणि आपण कसं स्की करतो यावरून ठरतो. स्प्रिंगच गंजली असेल तर बाइंडिंगवरच्या छोट्या खिडकीत दिसणारा तो आकडा खोटा. वेळेवर न सुटलेल्या बाइंडिंगमुळे नडगी पिळवटून मोडते. पैशापेक्षा याचा मला जास्त राग आहे. त्या माणसाने हे जाणूनबुजून माझ्या पायाला बांधायला दिलं.

परत आल्यावर विकणाऱ्याला फोन केला, तर आधी उडवाउडवी, मग नंबर ब्लॉक. पैसे ऑनलाइन दिले असतील आणि फसवणूक लगेच कळली, तर 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर ताबडतोब फोन करा. मला कळेपर्यंत महिना उलटून गेला होता.

आता तोच माणूस आणखी एक जोडी विकतोय. कणकवलीच्या माझ्या मित्राला फोटो आलेत आणि शेपटीवर तसाच मोठा स्टिकर आहे. मित्राने स्टिकर काढून आकड्यांचा फोटो, बाइंडिंगच्या मॉडेलचं नाव आणि बूट अडकवून पुढचा भाग दोन्ही बाजूंना ढकलल्याचा व्हिडिओ मागितलाय. मॉडेलचं नाव यासाठी, की कंपन्या ज्या बाइंडिंगची जबाबदारी अजून घेतात त्यांची यादी काढतात आणि यादीतून गळलेल्या मॉडेलला जाणता मेकॅनिक हात लावत नाही. अजून त्याला उत्तर आलेलं नाही.