डावी बाजू गेली: नऊ महिने वापरलेल्या हेडफोनचा अनुभव

गेल्या महिन्यात सकाळच्या ठाणे-नेरूळ लोकलमध्ये, ऐरोली सुटल्यावर, हेडफोनची डावी बाजू बंद पडली. आधी थोडी खरखर, मग एकदम शांतता. कानात एसी/डीसी या रॉक बँडचं ‘बॅक इन ब्लॅक’ हे गाणं चालू होतं आणि त्यातली एक गिटार चालत्या गाण्यातून उठून निघून गेली. बाकी सगळं जागच्या जागी होतं, म्हणून तर ते जास्त लागलं.

त्याच रात्री मी रागाच्या भरात एक तारा देऊन चार ओळी लिहिल्या होत्या. त्या मागे घेऊन आज नीट लिहितेय. कंपनीचं नाव देत नाही. कानावर बसणारा, दुमडता येणारा, ब्लूटूथचा हेडफोन, 3,499 रुपयांचा. याच किमतीतले तुम्ही पाहिलेच असतील, सगळ्यांची खोक्यावरची माहिती सारखीच असते. बॅटरी उत्तम. मी आठवड्यातून दोनदा चार्ज करते. फोनवर बोलताना समोरच्याला डब्यातला गोंगाट ऐकू जातो. बेस जरा जास्त आहे, इक्वलायझरमध्ये दोन घरं खाली आणला की झालं.

खरा प्रश्न बिजागरीचा आहे. कान आत दुमडले जातात ना, ती जागा. या बनावटीत बॅटरी आणि सर्किट एका कानात असतं आणि दुसऱ्या कानाला आवाज न्यायला केसासारख्या बारीक तारा डोक्यावरच्या पट्टीतून, बिजागरीतून ओवलेल्या असतात. दिवसातून चार वेळा दुमडायचं म्हणजे दिवसातून चार वेळा तीच तार त्याच जागी वाकवायची. नऊ महिन्यांचा हिशोब केला तर हजार वेळा. दुमडता येतो हे खोक्यावर मोठ्या अक्षरात छापायचं आणि दुमडून तुटला की ‘फिजिकल डॅमेज’ म्हणायचं, हे मला अजिबात पटलेलं नाही.

कारण सर्व्हिस सेंटरवाल्यांनी तेच सांगितलं. वॉरंटी एक वर्षाची, तीन महिने शिल्लक, बिल माझ्या हातात. काउंटरवरच्या मुलाने बिजागरीवरची नखाएवढी भेग दाखवली आणि म्हणाला, “मॅडम, हे वॉरंटीत बसत नाही. पट्टी पूर्ण बदलावी लागेल, 1,850 रुपये.” मी म्हटलं, अहो, हा पडलेला नाही, आपटलेला नाही, तुम्ही सांगता तसाच दुमडलाय. तो बिचारा वरिष्ठांकडे गेला, परत आला, तेच म्हणाला. अर्ध्याहून जास्त किंमत एका तारेसाठी मी देणार नव्हते.

पुढचे अकरा दिवस मी उजव्या कानानेच ऐकलं आणि हा सगळा लेख त्या अकरा दिवसांमुळे लिहितेय.

एसी/डीसीच्या रेकॉर्डवर दोन भावांच्या दोन गिटारी असतात. अँगस यंग उजवीकडे, माल्कम यंग डावीकडे. अँगस शाळेच्या गणवेशात नाचतो, त्याला सगळे ओळखतात. माल्कम मागे उभा राहून ताल धरायचा. 2017 मध्ये तो गेला. माझ्या हेडफोनमधून नेमका तोच गेला होता. ड्रम, बेस आणि आवाज मध्यभागी, म्हणून ते ऐकू येत होते, पण गाण्याचा पायाच गेला होता.

या गाण्याशी माझं नातं जुनं आहे. 1999 मध्ये बाबांची वागळे इस्टेटमधली कंपनी बंद पडली. घरात कुणी मोठ्याने बोलत नसे. ताईने तिच्या शिकवण्यांच्या पैशांतून काळा घोड्याच्या रिदम हाऊसमधून दोन कॅसेट आणल्या, त्यातली एक ‘बॅक इन ब्लॅक’ याच नावाच्या अल्बमची. तिनेच सांगितलं होतं की या लोकांचा गायक, बॉन स्कॉट, 1980 च्या फेब्रुवारीत वारला आणि नवा गायक घेऊन जुलैत त्यांनी हा अल्बम बाहेर काढला. मुखपृष्ठ त्याच्यासाठी पूर्ण काळं. दुःखात असलेली माणसं इतकं ताठ मानेने वाजवू शकतात, हे त्या वर्षी आम्हा दोघींना फार हवं होतं.

वॉकमन एकच. गॅलरीत पलंगावर ताई माझ्या डाव्या हाताला बसायची, म्हणून डावा कान तिचा, उजवा माझा. दोन वर्षं हीच वाटणी.

दुसरी कॅसेट होती व्हॅन हेलन या रॉक बँडची, त्यांच्या 1978 च्या पहिल्या अल्बमची. तिच्यावरून आमची कायम भांडणं. ताईला ती जीव की प्राण आणि मला ती पोकळ वाटायची. गिटार जणू शेजारच्या इमारतीच्या जिन्यात कुणी वाजवतंय. ती म्हणायची, “तुला ऐकताच येत नाही.” पुढे मी ती पुन्हा कधी लावलीच नाही.

उजव्या कानाच्या सहाव्या दिवशी, तुर्भ्याला, सहज लावली. अगदी तोच जिना! घरी जाऊन शोधलं. त्या अल्बममध्ये बँडचा गिटारवादक एडी व्हॅन हेलनची गिटार डाव्या बाजूला ठेवली आहे आणि उजवीकडे मुख्यतः तिचा प्रतिध्वनी. दोन वर्षं गिटार ताईच्या कानात होती आणि माझ्या वाट्याला तिची सावली. मी खारघरला ताईला फोन लावला. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “अगं, मग तू तेव्हा सांगितलं का नाहीस, तुला काय ऐकू येतंय ते?”

या मधल्या दिवसांत भाचीने एक उपाय सांगितला, तो सगळ्यांच्या उपयोगाचा आहे. फोनच्या सेटिंग्जमध्ये ॲक्सेसिबिलिटीत ‘मोनो ऑडिओ’ असतं. ते चालू केलं की दोन्ही बाजू एकत्र होऊन प्रत्येक कानात येतात, म्हणजे एक कान बंद असला तरी काही सुटत नाही. माल्कम परत आला. पण दोन्ही भाऊ एकमेकांच्या अंगावर उभे, मधली मोकळी जागाच नाही. क्वीन या बँडच्या ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’त आवाज इकडून तिकडे टोलवले जातात, ते तर पार चपटं झालं. तात्पुरतं ठीक.

शेवटी जांभळी नाक्याजवळच्या गल्लीत एका मोबाइल दुरुस्तीवाल्याकडे गेले. त्याने कानाची गादी सोलून काढली, चार स्क्रू काढले, मीटरची एक सुई इकडे, एक तिकडे टेकवली. बीप नाही. “ताई, स्पीकर ठणठणीत आहे, तार आत तुटलीय.” जुनी तार ओढून काढली, तिच्याच टोकाला नवी बांधून पट्टीतून ओवून घेतली आणि डाग दिला. बिजागरीपाशी तार थोडी सैल ठेवली, म्हणाला, “कंपनीने ताणून बसवली होती.” पंचवीस मिनिटं, 200 रुपये.

तिथेच स्टुलावर बसून मी व्हॅन हेलन लावलं. डाव्या कानात गिटार आली, ओली, जवळ, बोटं तारेवर घासल्याचा आवाजसुद्धा. माझे डोळे भरून आले.

म्हणून आता तीन तारे. आवाज आणि बॅटरीचे पूर्ण गुण, दोन तारे बिजागरीसाठी कापले आणि ते मी परत देणार नाही. घ्यायचा असेल तर घ्या, पण दुमडू नका. ताईने मला तिचा चपात्यांचा जुना पसरट डबा दिलाय, हेडफोन त्यात न दुमडता बरोबर मावतो. रविवारी ती येतेय. पहिल्यांदा उजवी बाजू तिला देणार आहे.