चित्रतक्ता आणि बोलणारा टॅब: १४ महिने वापरल्यानंतर

आमची लेक सहा वर्षांची आहे. सेरेब्रल पाल्सीमुळे तिच्या तोंडून शब्द फुटत नाहीत, पण कानावर पडलेलं सगळं तिला कळतं. गेले १४ महिने ती घरी चित्रांच्या तक्त्यावर आणि टॅबमधल्या बोलणाऱ्या ॲपवर बोलते. याला एएसी म्हणतात, म्हणजे पूरक आणि पर्यायी संवाद. ॲपचं नाव मुद्दामच लिहीत नाही. नाव वाचून ॲप घेतलं की काम झालं, असं आम्हालाही वाटलं होतं, आणि त्यातच पहिले तीन महिने गेले.

झालं असं की टॅब आणला, त्यात चित्रं भरली आणि त्याच दिवसापासून तिची परीक्षा घ्यायला लागलो. "पाणी कुठंय? दाखव बरं. अंहं, ते नाही. नीट बघ." तिने बोट उचललं की मी, तिचे बाबा आणि आजी, तिघंही त्या बोटाकडे टक लावून बसायचो. पंधरा दिवसांत टॅब दिसला की ती मान फिरवायला लागली. आम्ही समजलो, हिला यात रस नाही. आता आठवलं की जीव कळवळतो. दिवसभर असं कुणी माझी उलटतपासणी घेतली असती तर मीही मानच फिरवली असती.

स्पीच थेरपिस्ट बाईंनी एकदा कागदावर एक हिशोब मांडून दाखवला. तो मूळ अमेरिकेतल्या स्पीच थेरपिस्ट जेन कॉर्स्टेन यांचा. दिवसाचे आठ तास धरले तर दीड वर्षाचं होईपर्यंत मुलाच्या कानावर ४,३८० तास बोलणं पडलेलं असतं. तेव्हाही ते मोजकेच शब्द बोलतं आणि आपल्याला त्याचं केवढं कौतुक असतं! आता चित्रांवरचं बोलणं मुलाला आठवड्यातून दोनदा, अर्धा-अर्धा तास, फक्त थेरपीतच बघायला मिळालं, तर तेवढे तास भरायला ८४ वर्षं लागतील. तो कागद मी अजून ठेवलाय. आम्ही तिला एक भाषा बोलायला सांगत होतो, आणि ती भाषा घरात कुणीच बोलत नव्हतं.

मग आम्ही बोलायला लागलो. "चल, आपण बाहेर जाऊ" असं तोंडाने म्हणायचं आणि तक्त्यावर फक्त 'बाहेर' आणि 'जायचं' यांवर बोट ठेवायचं. सगळं वाक्य दाखवायला गेलं की आपण अडखळतो आणि तिचं लक्ष उडतं. ती एक चित्र वापरते तर आपण दोन वापरायची, ती दोनवर आली की आपण तीनवर जायचं. चित्र सापडलं नाही तर तिच्यासमोरच शोधायचं: "थांब हं, 'उघड' कुठे गेलं? हां, हे बघ." त्यातून शोधायचं कसं हेही तिला दिसतं. सगळ्यात अवघड म्हणजे तिच्याकडून काहीच मागायचं नाही. 'म्हणून दाखव' नाही, हात धरून बटण दाबायला लावणं तर मुळीच नाही. जवळजवळ सहा आठवडे आम्ही एकतर्फीच बोलत होतो. त्या दिवसांत आजीने मला धीर दिला. ती म्हणायची, "अगं, तू झालीस तेव्हा तरी काय लगेच उत्तरं देत होतीस का?"

त्यातच थांबायला शिकलो. काही विचारलं की मनातल्या मनात दहापर्यंत मोजायचं. तिचं बोट तक्त्यावर टेकेपर्यंतच सात-आठ सेकंद जातात. पूर्वी तेवढ्यात आम्ही तोच प्रश्न तीनदा विचारून, वर उत्तरही देऊन मोकळे व्हायचो.

एका सकाळी मी तिचे केस विंचरत होते. गुंता होता, ती कुरकुरत होती. तक्ता मांडीवरच होता. तिचा हात वर आला, दोनदा घसरला आणि 'नको'वर टेकला. मी कंगवा लगेच खाली ठेवला. मग बोट हळूहळू सरकत 'आजी'वर गेलं आणि तिथून 'करायचं'वर. आजीने विंचरायचं होतं! मी आजीला हाक मारली तेव्हा माझा आवाज धड फुटत नव्हता.

म्हणून नव्याने सुरुवात करणाऱ्यांना मी पहिल्यांदा 'नको' द्यायला सांगते, आणि दिल्यावर तो पाळायला सांगते. औषधासारख्या गोष्टी टळत नाहीत. तिथेही 'नको' ऐकलं हे आधी म्हणायचं, मग का द्यावं लागतंय ते सांगायचं. ऐकलाच जात नसेल तर तो शब्द ती कशाला वापरेल?

शब्द निवडण्यातही आम्ही चुकलो होतो. पहिल्या तक्त्यावर ४० चित्रं होती, त्यातली ३१ वस्तूंची. वस्तूंची नावं असली की मूल फक्त मागू शकतं. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठातल्या 'प्रोजेक्ट कोअर'ने फुकट दिलेली ३६ शब्दांची यादी आहे. तिच्यात वस्तूंची नावं जवळजवळ नाहीतच. आहेत ते 'आणखी', 'थांब', 'मदत', 'वेगळं', 'उघड', 'कुठे', 'कोण', 'का' असे कुठेही चालणारे शब्द. आम्ही तक्ता त्या धर्तीवर पुन्हा केला. चित्रं स्पेनमधल्या अरासाक या चित्रसंग्रहातली घेतली, घरगुती वापराला ती मोफत आहेत.

पण यादी जशीच्या तशी मराठीत आणून भागत नाही. इंग्रजीतल्या एका नकाराला आपल्याकडे 'नको' आणि 'नाही' अशी दोन वेगळी घरं लागतात. 'मी'चं एकच बटण ठेवलं तर टॅब "मी पाहिजे" असं बोलतो, म्हणून 'मी', 'मला', 'माझं' वेगवेगळी केली. क्रियापदांनी तर फार दमवलं. 'जा' ठेवलं तर तो हुकूम होतो, 'जाते' ठेवलं तर दादाबद्दल बोलताना चुकतं. शेवटी 'जायचं', 'करायचं', 'द्यायचं' अशी रूपं भरली. "मला जायचं", "नाही जायचं", "कुठे जायचं" हे सगळं जमतं, आणि टॅबमधून ऐकायलाही घरातल्यासारखं वाटतं. मराठीत तक्ता करणाऱ्या प्रत्येकाने हे करून बघावंच.

टॅब की कागद? दोन्ही. टॅबला आवाज आहे, आणि तिने दुसऱ्या खोलीतून आम्हाला हाक मारणं ही गोष्ट कागद देऊ शकत नाही. पण उन्हात पडदा दिसत नाही, चार्जिंग संपतं, न्हाणीघरात नेता येत नाही. लॅमिनेट केलेला तक्ता तिथे कामाला येतो. तिची बोटं सरकतात म्हणून टॅबवर भोकं असलेली प्लॅस्टिकची जाळी बसवली, त्याला कीगार्ड म्हणतात. चुकीची बटणं दाबली जाणं त्याने खूप कमी झालं. ॲपमधून बाहेर जाता येऊ नये म्हणून आयपॅडवर गाइडेड ॲक्सेस असतो, अँड्रॉइडवर स्क्रीन पिन करता येतो. या टॅबवर खेळ आणि व्हिडिओ ठेवलेले नाहीत.

एक चूक मात्र फार महागात पडली. आठव्या महिन्यात मी हौसेने सगळी बटणं विषयवार नीट लावली. टायपिंग करताना आपली बोटं अक्षरं न बघता जातात, तशी तिची 'आणखी'वर जात होती. बटणांच्या जागा बदलल्यावर चार दिवस ती दुसरंच काहीतरी दाबत होती आणि रडत होती. सुदैवाने जुना बॅकअप होता. आता नवीन शब्द येतो तो रिकाम्या घरात, जुना शब्द जागचा हलत नाही.

"या चित्रांमुळे ती तोंडाने बोलायची राहून जाईल," असं आम्हाला एकाने ठामपणे सांगितलं होतं आणि त्यापायी एक वर्ष गेलं. मिलर, लाइट आणि श्लॉसर या संशोधकांनी २००६ मध्ये एएसी वापरणाऱ्यांवरच्या आधीच्या संशोधनाचा आढावा घेतला होता. त्यात काटेकोर पद्धतीने तपासलेल्या २७ जणांपैकी एकाचंही बोलणं कमी झालं नव्हतं. ८९ टक्क्यांचं वाढलं होतं, बहुतेकांचं थोडंसंच, पण वाढलं होतं. आमची लेक आता टॅबवर 'आई' दाबते आणि बरोबर तोंडाने "आ" म्हणते.

गेल्या महिन्यात दादा तीन दिवस शिबिराला गेला होता. दुसऱ्या रात्री दिवा मालवल्यावर तिने टॅबकडे हात केला. अंधारात टॅबचा आवाज आला, 'दादा'. मी मनात मोजत थांबले. मग 'कुठे'. तिने आजवर मागितलं होतं, नाकारलं होतं, पण प्रश्न पहिल्यांदाच विचारला होता. मी दिवा लावला, तिच्याशेजारी बसले आणि टॅबवरच उत्तर दिलं: 'दादा', 'बाहेर', 'उद्या', 'घरी'. तिने थोडा वेळ बघितलं आणि 'उद्या' दाबलं. मग पुन्हा 'उद्या'.