जुन्या डेस्कटॉपला साटा एसएसडी की एनव्हीएमई?

कोल्हापुरात मिरजकर तिकटीजवळ आमच्या मामांचं डीटीपीचं दुकान आहे. लग्नसराईत पत्रिकांची रीघ लागते, आणि तिथला एच६१ चिपसेटच्या जुन्या मदरबोर्डाचा डेस्कटॉप सुरू होईपर्यंत हातातला चहा संपतो. हार्ड डिस्क बदलायची हे ठरलं होतं. हार्ड डिस्कच्याच केबलला लागणारी साटा एसएसडी (चिपवर डेटा साठवणारी डिस्क) घ्यायची, की मदरबोर्डाच्या पीसीआयई स्लॉटमध्ये कार्डावर बसवून एनव्हीएमई एसएसडी, एवढंच ठरत नव्हतं.

कागदावर एनव्हीएमई कितीतरी पुढे. पीसीआयई ३.० च्या चार लेनवर (डेटाच्या वाटांवर) ती सेकंदाला ३५०० एमबीपर्यंत वाचते. साटा ५५० च्या आसपास थांबते. त्यात एच६१ चे साटा पोर्ट सेकंदाला ३ गिगाबिटचेच, म्हणजे पदरात २५०-२८० एमबी. मग एनव्हीएमईच घ्यावी असं वाटेल. पण अडचण बायोसची, म्हणजे संगणक सुरू करणाऱ्या बोर्डावरच्या प्रोग्रॅमची आहे. एच६१ च्या काळातले बहुतेक बोर्ड एनव्हीएमईवरून विंडोज सुरूच करत नाहीत. काही जण बायोसमध्ये बदल करून जमवतात. रोजच्या धंद्याच्या मशीनवर ती जोखीम मी घेणार नाही.

आणि मामांना जाणवणारा फरक या आकड्यांत नाहीच. हार्ड डिस्कचं हेड फिरत्या तबकडीवर फाइल शोधतं, तिथे दरवेळी काही मिलिसेकंद जातात. शेकडो मराठी फॉन्ट उघडताना तेच साचत जातं. एसएसडीत फिरणारं काही नाही, आणि हा फायदा साटावरही पुरेपूर मिळतो.

म्हणून साटाच बसवली, अडीच इंची. जुनी डिस्क पत्रिकांच्या साठ्याला ठेवली. तुमच्या बोर्डावर एनव्हीएमई चालवणारा एम.२ स्लॉट (एसएसडी थेट बोर्डावर बसवायची छोटी खाच) असेल, तर मात्र बेलाशक तीच घ्या.