उजनीच्या पक्ष्यांसाठी कोपर्निकस ब्राउझर: पसारा चोख, खोली तुम्ही काढा

उजनी धरणाची पातळी आणि हिवाळी पाहुण्या पक्ष्यांचं खाद्य यांचा मेळ घालायचा तर कोपर्निकस ब्राउझर हे युरोपचं उपग्रहचित्रांचं मोफत संकेतस्थळ हवंच. पाण्याच्या पसाऱ्यासाठी पाचपैकी पाच, उथळ पट्ट्यासाठी तीन, खाद्यासाठी शून्य.

नोंदणी करा, करमाळ्याकडचा फुगवटा निवडा, ऑक्टोबर ते मार्च, ढग १० टक्क्यांच्या आत. सेंटिनेल-२ उपग्रहांची चित्रं १० मीटरची (एक ठिपका म्हणजे १० मीटर), साधारण दर ५ दिवसांनी. एनडीडब्ल्यूआय म्हणजे पाणी ओळखणाऱ्या निर्देशांकाचा थर तयारच मिळतो. शून्याच्या वर पाणी.

थापट्या, तलवार या बदकांना मात्र चरायला साधारण वीसेक सेंटीमीटरपर्यंतचं पाणी सोयीचं, टिलव्यासारख्या चिखलात टिपणाऱ्या छोट्या पक्ष्याला जेमतेम ५. ही खोली चित्रात नसते. काठाच्या प्रत्येक रेषेला त्या दिवशीची धरणपातळी लावा. पाणी उतरेल तशा रेषा रचत गेलं की तळाचा उतार मिळतो. पातळी मीटरमध्येच घ्या. ४९१.०३ मीटरला उजनी शून्य टक्के, तरी पोटात ६३ टीएमसी मृतसाठा असतो. पातळी त्याखाली गेली की सगळं ‘मायनस’. टक्क्यांवरून काठ कळत नाही.

५०० मीटरला १ मीटर असा उतार असेल तर २० सेंटीमीटरचा पट्टा १०० मीटर रुंद, म्हणजे दहा ठिपके. टिलव्याचा पट्टा अडीच ठिपके, तिथेच चूक सुरू होते. हिरव्या शेवाळाचं पाणी जमीन म्हणून दिसतं. निर्देशांकात बी-८ या अवरक्त प्रकाशपट्ट्याऐवजी बी-११ हा लघुलहरी अवरक्त पट्टा घेतला की बरंच सुधारतं, पण तो २० मीटरचा आणि ओल्या काळ्या चिखलालाही कधीकधी पाणी ठरवतो. जलपर्णी हातानेच वगळावी लागते.

सर्वात मोठी गफलत बेरजेत होते. दर आठवड्याचा उथळ पट्टा मिळवत गेलात तर तीच जमीन दोनदा मोजली जाते. पंगत उठलेल्या पानावर पुन्हा वाढप नसतं. नवा उघडलेला पट्टाच धरा. आवर्तन सोडल्यावर पातळी झपाट्याने उतरली तर बदकं पोचायच्या आत चिखल वाळून टणक होतो, मग गाळपेर, म्हणजे उघड्या गाळावरची पेरणी, सुरू. तो पट्टा बदकांच्या खात्यातून वजा. पट्टकदंब हे हंस शेतातही चरतात, त्यांचा हिशेब वेगळा ठेवा.

खाद्यासाठी चिखलाचे नमुने घेऊन, चाळून, सुकवून खाद्य किती किलो प्रति हेक्टर ते काढण्याला पर्याय नाही. अमेरिकी गणितांत हेक्टरी ५० किलो उरलं की बदकं ती जागा सोडतात असं धरतात. तो आकडा मिसिसिपी खोऱ्यातला. उजनीच्या गाळाला तो आंधळेपणाने लावू नका, २५ आणि १०० धरूनही गणित करून पाहा.