पहिली वेबसाइट: हाताने लिहिलेली पानं की जनरेटर?

स्वतःची पहिली वेबसाइट गिटमधून, म्हणजे फाइलींच्या आवृत्त्या जपणाऱ्या प्रोग्राममधून, चढवायची ठरवली की बहुतेकांची शोधाशोध होस्टिंगपासून, म्हणजे साइट ठेवायला जागा देणाऱ्या सेवेपासून, सुरू होते. गिटहब पेजेस घ्यावं, गिटलॅब घ्यावं, की नेटलिफाय किंवा क्लाउडफ्लेअर पेजेस? माझ्या मते हा प्रश्न शेवटी ठेवला तरी चालतो. साध्या स्थिर पानांसाठी हे सगळे जवळजवळ एकच काम करतात: तुम्ही पुश करायचं (फाइली त्यांच्याकडे पाठवायच्या), त्यांनी पानं उचलून लोकांपुढे ठेवायची. एकीकडून दुसरीकडे जायला एखादी संध्याकाळ पुरते, आणि डोमेन स्वतःचं असेल तर वाचणाऱ्याला त्याचा पत्ताही लागत नाही. नंतर बदलायला जड जातं ते वेगळंच. रेपोत (गिटने सांभाळलेल्या फोल्डरमध्ये) तयार पानं ठेवायची, की पानं बनवायचा कच्चा माल? म्हणजे एचटीएमएल (वेबपानांची भाषा) स्वतः लिहायचं, की मजकूर मार्कडाउनमध्ये (साध्या खुणांच्या सोप्या पद्धतीत) लिहून जेकिल, ह्यूगो, इलेव्हन्टी यांपैकी एखाद्या जनरेटरकडून पानं करून घ्यायची?

मी दोन्ही वापरलं आहे. माझा कल कुठे आहे ते लपणार नाही, पण आधी जनरेटरची बाजू नीट मांडायला हवी, कारण ती भक्कम आहे.

हाताने लिहिलेल्या साइटची दुखरी नस म्हणजे हेडर-फूटर. एचटीएमएलमध्ये एका फाइलच्या पोटात दुसरी फाइल सरळ घालण्याची सोय आजही नाही. त्यामुळे मेनूमध्ये ‘छायाचित्रं’ हा एक दुवा वाढवायचा तर प्रत्येक पान उघडावं लागतं. दहा-बारा पानांपर्यंत एडिटरचं ‘सगळ्या फाइलींत शोधा आणि बदला’ हे काम निभावून नेतं. चाळीसच्या पुढे गेलात की एखादं पान हमखास सुटतं, आणि ते सुटलंय हे तुमच्याआधी दुसऱ्याच कोणाला तरी दिसतं. आरएसएस फीडचंही (नव्या लेखांची खबर देणाऱ्या फाइलचंही) तसंच. ती हाताने लिहिता येते, पण नेमाने लिहिणारा माणूस मला अजून भेटलेला नाही. विषयवार याद्या, ‘मागचा लेख–पुढचा लेख’ असे दुवे, अर्धवट लेख फाइलच्या डोक्यावरच्या एका ओळीने झाकून ठेवणं, हे सगळं जनरेटर फुकटात देतो. शिवाय मार्कडाउनमध्ये लिहिताना कंसांच्या जंगलातून वाट काढावी लागत नाही. रोज काही ना काही लिहिणाऱ्या माणसाला ही सोय क्षुल्लक वाटणार नाही.

पहिल्या दिवसाचा अनुभव मात्र बराच वेगळा असतो. हाताने लिहिणाऱ्याचा रेपो दोन फाइलींनी सुरू होतो, एक इंडेक्स (मुख्य पान) आणि एक सीएसएस (पानांची सजावट). गिटहबवर असाल तर नावात जेकिल नको असं सांगणारी एक रिकामी फाइल, डॉट-नोजेकिल, आणखी घालावी. ती नसेल तर ब्रँचवरून (रेपोच्या शाखेवरून) थेट प्रकाशित होणारी साइट जेकिलमधून जाते आणि अंडरस्कोरने सुरू होणारी फोल्डरं गुपचूप वगळली जातात. एवढं केलं की पुश, थोडी वाट पाहणं, आणि साइट उभी. दिसायला ती बापुडवाणी असते हे मान्य.

जनरेटरवाल्याचा पहिला दिवस बहुधा थीम (साइटचं तयार रूपडं) निवडण्यात जातो. थीमच्या नमुना साइटवर डोंगरदऱ्यांचे भव्य फोटो असतात. ते काढून आपल्या दोन ओळी टाकल्या की थीम एकदम ओकीबोकी वाटू लागते आणि दुसरी शोधायची वेळ येते. मग कॉन्फिग (सेटिंगची) फाइल, मग बिल्डसाठी, म्हणजे सर्व्हरवर पानं तयार करून घेण्यासाठी, सूचनांची यामल फाइल, मग त्यातल्या स्पेस आणि टॅबचं गणित. साइट प्रोजेक्ट म्हणून चढवली असेल तर पत्त्यात रेपोचं नाव मध्ये येतं, आणि स्लॅशने सुरू होणारे सगळे दुवे त्या नावाला बगल देऊन थेट डोमेनच्या मुळाशी जातात. साइट दिसते, पण कपड्यांविना, कारण सीएसएस सापडलेलीच नसते. हे हाताने लिहिणाऱ्यालाही होतं, पण त्याला स्लॅश कुठे आहे ते दिसतं. जनरेटरमध्ये तो स्लॅश थीमच्या कुठल्याशा टेम्प्लेटमध्ये दडलेला असतो.

इथवर दोन्ही पारडी सारखीच म्हणता येतील. मला निर्णयाला आणलं ते एका वेलांटीने.

जनरेटरचं नाव घेत नाही, कारण दोष त्या एकाचा नाही. साइट बरेच महिने तशीच पडून होती. वैयक्तिक साइटचं असंच होतं; उत्साह असेपर्यंत रोज कमिट (बदलांची गिटमध्ये नोंद), मग सामसूम. एका पानावर चुकीची वेलांटी दिसली म्हणून ती बदलली, कमिट केलं, पुश केलं. बिल्ड लाल, म्हणजे फसलं. एरर माझ्या मजकुरातला नव्हताच. मी कधी उघडूनही न पाहिलेल्या थीमच्या टेम्प्लेटमध्ये एक फंक्शन वापरलेलं होतं, आणि जनरेटरच्या नव्या आवृत्तीतून ते काढून टाकलं होतं. बिल्डच्या फाइलमध्ये ‘लेटेस्ट’ असं लिहिलेलं होतं, म्हणजे मधल्या काळात सर्व्हरवरचा जनरेटर आपोआप पुढे सरकला होता. थीम अद्ययावत करून पाहिली, तर तिच्या कॉन्फिगमधली नावं बदललेली. ती जुळवली, तर पानाची मांडणीच वेगळी आली. वेलांटी जागच्या जागी.

गिट आहे म्हटल्यावर पुढचा विचार साहजिक होता: शेवटच्या चांगल्या कमिटवर परत जाऊ. गेलो. तिथेही तोच एरर. ज्या कमिटवरून साइट एकेकाळी सुरळीत चढली होती, त्याच कमिटवरून ती आता उभी राहीना, आणि रेपोत तर एक अक्षर बदललेलं नव्हतं.

यात गिटची काही चूक नाही. लायनस टोरवाल्ड्स यांनी २००५ मध्ये लिनक्स कर्नलसाठी ते लिहिलं तेव्हापासून त्याचा करार सरळ आहे: माझ्या हाती द्याल ते मी जपेन. जनरेटरच्या रेपोत आपण त्याच्या हाती मजकूर देतो, टेम्प्लेटं देतो, कॉन्फिग देतो. या सगळ्यांतून पान बनवणारा प्रोग्राम मात्र रेपोबाहेर असतो, आणि तो ज्या रुबीवर किंवा नोडवर (प्रोग्राम चालवणाऱ्या यंत्रणांवर) चालतो तेही बाहेरच. थीम सबमॉड्यूल म्हणून जोडली असेल तर तीसुद्धा खऱ्या अर्थाने रेपोत नसते, दुसऱ्याच्या रेपोतल्या एका कमिटकडे बोट दाखवलेलं असतं. नव्या संगणकावर साधं क्लोन केलं (रेपोची प्रत उतरवली) तर थीमचं फोल्डर रिकामं येतं, आणि थीमच्या लेखकाने उद्या आपला रेपो पुसला तर ते बोट हवेत राहतं. थोडक्यात, आपण कच्च्या मालाच्या आवृत्त्या जपतो. साइटच्या आवृत्त्या जपतोय असं फक्त वाटत असतं.

हाताने लिहिलेल्या साइटचं कुठलंही जुनं कमिट चेकआउट करा (त्या वेळच्या फाइली परत आणा) आणि इंडेक्स फाइलवर डबल क्लिक करा. त्या दिवशीची साइट समोर येते. मधे काहीच नसल्यामुळे मोडायलाही काही नसतं. एक ब्राउझर लागतो तेवढा, आणि जुनं एचटीएमएल वाचण्याच्या बाबतीत ब्राउझर कमालीचे इमानी आहेत. टिम बर्नर्स-ली यांनी १९९१ मध्ये सर्नमधून जगापुढे ठेवलेल्या पहिल्या संकेतस्थळाची जपलेली प्रत आजच्या ब्राउझरमध्ये व्यवस्थित उघडते.

जाणकार यावर म्हणतील की यावर उपाय आहेत, आणि ते बरोबरच आहे. ‘लेटेस्ट’ऐवजी नेमका आवृत्ती-क्रमांक लिहावा. नोडवर चालणाऱ्या जनरेटरची लॉक फाइल (नेमक्या आवृत्त्यांची यादी) कमिट करावी. थीम सबमॉड्यूल न ठेवता तिची प्रतच रेपोत घ्यावी. ह्यूगोचं तर सगळं एका एक्झिक्युटेबल फाइलमध्ये मावतं, त्यामुळे ती एक फाइल जपून ठेवली तरी बराचसा धोका टळतो. हे सगळं पहिल्या दिवशीच करणाऱ्याला मी वर सांगितलेला त्रास बहुधा होणार नाही. प्रश्न एवढाच, की ज्याची ही पहिलीच साइट आहे त्याला पहिल्या दिवशी हे कोण सांगणार? आणि सांगितलं तरी, चार पानांसाठी एवढा बंदोबस्त करायचा का?

दुसरी एक गोष्ट, जी मला नंतर आवडायला लागली: डिफ, म्हणजे दोन आवृत्त्यांतला फरक. हाताने लिहिलेल्या साइटवर डिफमध्ये दिसतं तेच आणि तेवढंच लोकांना दिसणाऱ्या पानात बदलतं. पुश करण्याआधी डिफ वाचणं म्हणजे मुद्रितशोधनच होऊन जातं. त्यासाठी एक सवय लावून घ्यावी, प्रत्येक वाक्य नव्या ओळीवर लिहायची. ब्राउझर ओळ बदलल्याचं एका स्पेसपलीकडे काही मानत नाही, पण गिट ओळीओळीने तुलना करतं. अख्खा परिच्छेद एका ओळीत लिहिलात तर स्वल्पविराम हलवला तरी पूर्ण परिच्छेद लाल-हिरवा होतो. (‘वर्ड-डिफ’ हा पर्याय आहे, आणि तो देवनागरीतही चांगला चालतो, कारण तो स्पेस पाहून शब्द तोडतो.) ही सवय मार्कडाउनलाही लागू पडते, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. पण जनरेटरने तयार केलेलं फोल्डरच कमिट करत असाल, आणि काही जण तसं करतात, तर एका शब्दासाठी फीड, साइटमॅप, सगळ्या याद्या आणि नावात हॅश (मजकुरावरून बनलेला सांकेतिक क्रमांक) असलेली सीएसएस असा पसारा डिफमध्ये येतो. तो कोणी वाचत नाही.

मराठीत लिहिणाऱ्यांसाठी आणखी एक फरक आहे, आणि तो इंग्रजी मार्गदर्शिकांत सहसा नसतो. काही जनरेटर लेखाच्या शीर्षकावरून पानाचा पत्ता तयार करतात. शीर्षक देवनागरीत असेल तर पत्ताही देवनागरीत होतो, आणि कॉपी करून कुठे चिकटवला की त्याचं टक्केचिन्हांत रूपांतर होतं. प्रत्येक अक्षरचिन्हाचे यूटीएफ-८ मध्ये (अक्षरं साठवायच्या प्रचलित पद्धतीत) तीन बाइट, प्रत्येक बाइटची तीन चिन्हं. नुसत्या ‘मराठी’ या शब्दाची ४५ चिन्हं होतात. त्याहून वाईट म्हणजे पत्ता बनवणारा कोड फक्त ‘अक्षरं’ ठेवून बाकी गाळत असेल तर काना-मात्रा-वेलांट्या उडून जातात, कारण युनिकोडच्या हिशेबात त्या अक्षरं नव्हेत, जोडचिन्हं आहेत. जनरेटरमध्ये प्रत्येक लेखाला पत्ता वेगळा देता येतो, पण ते आठवणीने करावं लागतं. हाताने लिहिताना फाइलला नाव तुम्हीच देता, तेव्हा प्रश्नच येत नाही. फाइलींची नावं देवनागरीतच हवी असतील तर गिटच्या स्टेटसमध्ये म च्या जागी \३४०\२४४\२५६ असले आकडे दिसतील. त्यासाठी ‘कोअर.कोटपाथ’ ही सेटिंग बंद करून टाका, नावं वाचता येतील.

बाकीच्या खाचखळग्यांत दोन्ही वाटा सारख्याच. विंडोज आणि मॅकवर लहान-मोठ्या लिपीचा फरक सहसा चालून जातो, सर्व्हरवर चालत नाही. फोटोच्या फाइलचं शेपूट मोठ्या लिपीत आणि दुव्यात लहान, अशी जोडी घरी दिसते आणि चढवल्यावर गायब होते. कॅमेऱ्यातले मूळ फोटो कमिट करू नका, नंतर काढले तरी इतिहासात त्यांचं वजन राहतं. गिटहबवर पुश करताना खात्याचा पासवर्ड २०२१ पासून चालत नाही, टोकन किंवा एसएसएच की (पासवर्डऐवजी वापरायची डिजिटल किल्ली) लागते. पानाच्या डोक्यावर यूटीएफ-८ आणि भाषा मराठी असल्याचं लिहा. जनरेटरच्या थीममध्ये तिथे अनेकदा इंग्रजीच राहिलेली असते.

मग जनरेटर कोणी घ्यावा? ज्याच्याकडे आत्ताच तीस-चाळीस लेख तयार आहेत, त्याने खुशाल घ्यावा. ज्याला बिल्ड-पाइपलाइन शिकायचीच आहे, त्यानेही. त्याच्यासाठी लाल बिल्ड हाच अभ्यास आहे. दोन भाषांत साइट चालवायची असेल तरीही मी हाताने लिहा असं म्हणणार नाही. उरलेल्यांनी, म्हणजे स्वतःची ओळख देणारं एक पान, दोन-चार कामांची पानं आणि अधूनमधून एखादा लेख असा बेत असलेल्यांनी, हाताने सुरुवात करावी असं मला वाटतं. हेडरसाठी छोटी स्क्रिप्ट लिहून मधला मार्ग काढणारेही आहेत. ते छानच, फक्त तोही एक जनरेटरच झाला, आणि त्याला डॉक्युमेंटेशन नाही.

शंका असेल तर परतीची वाट कोणती सोपी ते पाहा. हाताने लिहिलेली पानं पुढे कधी जनरेटरमध्ये न्यायची झाली तर काही बिघडत नाही. ह्यूगोच्या ‘स्टॅटिक’ फोल्डरमध्ये ती जशीच्या तशी ठेवता येतात, जेकिलही डोक्यावर फ्रंट मॅटर (शीर्षक, तारीख अशा सूचनांच्या ओळी) नसलेली फाइल हात न लावता पुढे पाठवतो. जुनी पानं जागेवर राहतात, नवे लेख मार्कडाउनमध्ये सुरू होतात. उलट दिशेनेही येता येतं, तयार झालेलं फोल्डर उचलून तेच रेपो म्हणून चालवायचं. मीही तसंच आणलं. फक्त त्या पानांतले थीमचे एकात एक डिव्ह (एचटीएमएलमधले खोके) सोडवून साधं एचटीएमएल करायचं काम अजून थोडं बाकी आहे.